तर्रीचं नाक

सव्वीस उन्हाळे झाले,
या शहराचे कूलर दुरुस्त करून राहिलो मी.
जाळी उघडतो, जुना वाळा उपसतो
(घोरपडीच्या पाठीसारखा झालेला असतो तो),
नवा ठोकतो, पंपाची नळी तोंडानं फुंकून पाहतो.
पहिला गार झोत आला
की घरातली माणसं हसतात,
माझ्याकडं पाहून नाही, कूलरकडं पाहून.
चालतं.
कोरडं काय अन् ओलं काय
हे मला कोणी शिकवू नये.

पण परवा, नवतप्याच्या तिसऱ्या दुपारी,
मानेवाड्याचं काम आटपून घरी येतो
तर तर्रीचं नाक कोरडं.

तर्री आमची अडीच महिन्यांची.
पोह्यावरच्या तर्रीसारखी लाल,
म्हणून सुकन्यानं ठेवलेलं नाव.
झोपेतून नुकती उठली होती.
बोट लावून पाहिलं नाकाला:
चिंचोका.
काळा, गुळगुळीत, गरम चिंचोका.

शेजारचे पराते म्हणाले, ताप असंल बे, बाम चोळ.
त्यांची बायको म्हणाली, कांदा फोडून ठेवा उशाशी.
कांदा माझ्या खिशात आहेच, मार्चपासून,
लू लागू नये म्हणून.
पण कुत्र्याच्या पोटात गेला तर इख आहे तो.
आणि ज्या नाकानं ती
अख्खी गल्ली वाचते, चपलांसकट,
त्याला बाम?

सुकन्यानं फोन लावला डॉक्टर खोब्रागडेंना.
जेवते का? जेवते.
खेळते? माझी एक चप्पल नाहीच आहे सध्या.
नाकातून काही वाहतं? भेगा, रक्त?
नाही, नाही.
हिरड्या दाखवा म्हणे फोनवर.
मी तिचा ओठ वर केला,
गुलाबी होत्या, ओल्या होत्या,
आणि तेवढ्यात माझं बोट आत.
चावली? चावली.
मग बरी आहे. झोपेतून उठल्यावर होतं तसं.
भेगा पडल्या, सुस्तावली, खाणं सोडलं, तर घेऊन या.
झोपली कुठं होती?

कूलरसमोर.
कोणाच्या?

आता काय सांगू.
माझ्याच घरचा कूलर,
पंप तीन दिवसांपासून बंद,
पाणी वर चढतच नव्हतं,
पंखा नुसता बाहेरची लू आत ओढत होता
आणि त्याच्या तोंडाशी हे एवढंसं पिल्लू
चारी पाय ताणून.
लोकाच्या घरी वाळा, आपल्या घरी फुफाटा.

मग तिची जागा हलवली माठाच्या कोपऱ्यात,
जिथं फरशी आपोआप गार असते.
पाण्याची वाटी एक होती, तीन केल्या.
सुती फडकं भिजवून, घट्ट पिळून
नुसतं टेकवायचं नाकाला, घासायचं नाही.
वरून खोबरेल, करंगळीच्या टोकाएवढं.
मेमध्ये ते वितळलेलंच असतं.

लावलं. चाटलं.
लावलं. चाटलं.
ते मुरेपर्यंत तिला गुंतवून ठेवा, डॉक्टर म्हणाले होते,
पण कशात गुंतवता हिला?

रात्री मी पंप बसवत होतो टॉर्च दातात धरून,
तर रजनी, जी म्हणाली होती
कुत्रं घरात आलं तर मी कामठीला जाईन,
ती खाली फरशीवर बसलेली,
तर्रीची हनुवटी तळहातावर,
आणि हळू आवाजात सांगून राहिली
कामठीच्या विहिरीतल्या कासवाची गोष्ट.
शेवाळलेली पायरी, पितळेचा गडवा, कासव वर येई तेव्हा
भाऊ कसा पळे.
तर्री कान टवकारून, जीभ विसरून.

बावीस वर्षांच्या संसारात
हे कासव मला माहीत नव्हतं.
मी पाना खाली ठेवला नाही, आवाज होईल म्हणून.

पहाटे घोट्याला काहीतरी ओलं लागलं,
ओलं आणि गार.
टाकी गळाली वाटलं.
अंधारात उठलो, पाना शोधत बसलो.